बँकेच्या सल्ल्याने अयोग्य ठिकाणी गेलेला पैसा : तक्रार कशी उभी करावी आणि कुठे न्यावी

माझी आत्या साताऱ्यात प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिची तीन लाखांची मुदत ठेव ज्या शाखेत होती, त्याच शाखेत तिचे निवृत्तिवेतन दरमहा जमा होते. ठेवीची मुदत संपली त्या मार्च महिन्यात शाखेतल्या अधिकाऱ्याने तिला आत बोलावले, चहा मागवला आणि 'एफडीसारखेच आहे, फक्त परतावा जास्त' असे सांगून पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या. वर्षभराने तिच्या मोबाइलवर तीन लाखांचा हप्ता देय असल्याचा संदेश आला. हल्ली फसवणुकीचे संदेश येतात हे ठाऊक असल्यामुळे तिने तो पुसून टाकला. दुसरा संदेश आल्यावर मात्र तिने मला फोन केला. कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून निघाली ती जीवन विमा पॉलिसी होती आणि तिचा हप्ता सात वर्षे, दरवर्षी तीन लाख रुपये भरायचा होता.

त्या फोल्डरमधल्या प्रस्ताव अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात 'बारा लाख' असे इंग्रजीत लिहिलेले होते. अक्षर तिचे नव्हते. खाली सही मात्र तिचीच होती, मराठीत, फळ्यावर लिहिल्यासारखी गोल आणि सुटी. तिचे निवृत्तिवेतन तेव्हा महिन्याला एकतीस हजार रुपये होते आणि ते त्याच शाखेच्या संगणकावर दिसत होते. पुढे तिचे प्रकरण उभे राहिले ते या विसंगतीवर, आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे. अयोग्य सल्ल्याची तक्रार करणारे बहुतेक लोक 'माझे इतके नुकसान झाले' इथून सुरुवात करतात. बँकेला उत्तर देणे अवघड जाते ते वेगळ्याच प्रश्नाचे : विक्रीच्या दिवशी हा ग्राहक कोण होता, हे तुमच्याच नोंदींत दिसत असताना तुम्ही त्याला हे कसे विकले?

तक्रार नेमकी कशाची, हे आधी ठरवावे

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकहक्कांची सनद जाहीर केली. तिच्यातल्या पाच हक्कांपैकी तिसरा हक्क सुयोग्यतेचा आहे. ग्राहकाला देऊ केलेले उत्पादन त्याच्या गरजेला, आर्थिक परिस्थितीला आणि समजुतीला अनुरूप असले पाहिजे, असे तो सांगतो. बँक स्वतःची ठेव विकत असो वा दुसऱ्या कंपनीचा विमा किंवा म्युच्युअल फंड, समोरच्या माणसाला ते शोभते का हे पाहण्याची जबाबदारी तिच्यावर येते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात या हक्काचा नामोल्लेख करावा.

मात्र नुकसान झाले म्हणजे सल्ला अयोग्य होता, असे होत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरदाराने दहा वर्षांसाठी समभाग फंडात पैसे घातले आणि दोन वर्षांनी ते घटलेले दिसले, तर ती बाजाराची चढउतार आहे आणि तशी तक्रार टिकणार नाही. अडसष्ट वर्षांच्या बाईंना दीड वर्षात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागणार होते, तसे त्यांनी सांगितलेही होते, आणि तरी त्यांना एकाच उद्योगक्षेत्राचा फंड दिला गेला, तर तो फंड पुढे वर गेला तरी सल्ला अयोग्यच होता. ही कसोटी स्वतःला प्रामाणिकपणे लावून पाहावी. कमकुवत तक्रार लढवण्यात वर्ष घालवण्यापेक्षा ते आधीच कळलेले बरे.

हा प्रकार केवळ भोळ्या माणसांच्या बाबतीत घडतो असेही नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे 'अतिरिक्त टियर-१' रोखे, म्हणजे बँक बुडू लागली तर ज्यांचे पैसे बुडीत धरता येतात असे जोखमीचे रोखे, शून्य करण्यात आले. हे रोखे बँकेने आपल्याच वैयक्तिक ग्राहकांनाही विकले होते. भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीने एप्रिल २०२१ च्या आदेशात बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावताना असे नोंदवले की २७७ ग्राहकांनी मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडून सुमारे ८० कोटी रुपये या रोख्यांत घातले होते. बँकेने त्या आदेशाविरुद्ध अपील केले. आपल्या कामाचा मुद्दा असा की नियामकाने तपासले ते ग्राहक पूर्वी काय बाळगत होते, त्यांना जोखीम कशी सांगितली गेली आणि कागदावर काय उरले. आपणही तेच तपासायचे आहे.

पॉलिसी हातात पडून तीस दिवस झाले नसतील तर

मग पुढचे सारे बाजूला ठेवून आधी हे करावे. विमा पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लूक काळ म्हणतात. विमा कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी हप्ता परत करते. अर्ज थेट विमा कंपनीकडे ईमेलने करावा आणि त्याची एक प्रत कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्यावी. 'साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या' असे म्हणत बँकेच्या शाखेत हे तीस दिवस सहज संपतात, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. म्युच्युअल फंडाला असा परतीचा काळ नसतो.

रागाच्या भरात पॉलिसी मोडू नये

पहिली इच्छा होते ती सगळे मोडून टाकण्याची. ती आवरावी. मुदतीपूर्वी पॉलिसी सोडून दिली की हाती येणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा बरीच कमी असू शकते. युलिपमध्ये, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीत, तर पाच वर्षांचा लॉक-इन असल्यामुळे आधी बाहेर पडले तरी पैसे ती मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. शिवाय सोडतानाच्या अर्जावर 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशा आशयाचे वाक्य छापलेले असेल, तर त्याखालची सही पुढे आड येते. हप्ता भरणे शक्य नसेल तर भरू नये, पण आपण तक्रार केली असून म्हणून हप्ता भरत नाही, हे त्याच आठवड्यात लेखी कळवावे. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत पैशाची गरज खरोखर जवळ आली असेल तर विकून मोकळे व्हावे. विकल्याने तक्रारीचा हक्क जात नाही, उलट नुकसानीचा आकडा निश्चित होतो.

कागद गोळा करणे

सगळ्यात आधी एक कोरा कागद घेऊन त्या दिवशी काय घडले ते लिहून काढावे : तारीख, अंदाजे वेळ, कोण कुठे बसले होते, सोबत कोणी होते का, आणि अधिकाऱ्याचे जितके शब्द आठवतात तितके जसेच्या तसे. खाली तारीख घालून सही करावी. सहा महिन्यांनी सुनावणीत विचारल्यावर स्मरण डळमळते. त्या वेळी हा कागद हाताशी असावा.

मग बँकेकडे आणि विमा किंवा फंड कंपनीकडे लेखी मागणी करून पुढील गोष्टींच्या प्रती मागाव्यात. पहिली, पूर्ण भरलेला प्रस्ताव अर्ज, सर्व पानांसह. दुसरी, विम्यातील लाभाचे चित्रण दाखवणारे सहीचे पत्रक, ज्यात बाजाराशी जोडलेल्या परताव्यासाठी ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन गृहीतकांवर आकडे मांडलेले असतात. तिसरी, ग्राहकाची गरज व जोखीमक्षमता तपासल्याची नोंद. चौथी, पॉलिसी देण्यापूर्वी पडताळणीसाठी केलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण. या फोनबद्दल थोडे सांगायला हवे. अनेकदा अधिकारी ग्राहकाला आधीच सांगून ठेवतो की 'फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल.' मग कंपनी तेच 'हो' पुरावा म्हणून पुढे करते. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मात्र बऱ्याचदा कळते की प्रश्न ग्राहकाला नीट न समजणाऱ्या भाषेत, एका दमात वाचले गेले होते. आत्याला फोन हिंदीत आला होता आणि 'प्रीमियम पेइंग टर्म' या शब्दांवर ती 'हां जी' म्हणाली होती.

अर्ज हाती आला की तो सावकाश, भिंग घेऊन वाचावा. उत्पन्न, व्यवसाय, शिक्षण, मोबाइल क्रमांक, ईमेल हे रकाने आपल्या खऱ्या माहितीशी ताडून पाहावेत. ज्यांनी कधी ईमेल वापरला नाही त्यांच्या नावापुढे ईमेल दिसला, किंवा मोबाइल क्रमांकाच्या जागी शाखेतल्याच कोणाचा क्रमांक निघाला, तर तेवढ्यावर तक्रारीचे वजन वाढते. अर्ज इंग्रजीत असून ग्राहकाची सही मराठीत असेल, तर मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे प्रतिज्ञापन अर्जात असते. ते भरले आहे का आणि त्याखाली कोणाची सही आहे, हे अवश्य पाहावे. आत्याच्या अर्जावर ती सही विक्री करणाऱ्या अधिकाऱ्याचीच होती.

म्युच्युअल फंडाच्या अर्जावर दोन खुणा शोधाव्यात. एक म्हणजे वितरक म्हणून बँकेचा एआरएन क्रमांक. दुसरी म्हणजे सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्याचा ईयूआयएन क्रमांक. हा रकाना रिकामा असेल आणि त्याखाली 'हा व्यवहार कोणत्याही सल्ल्याविना केला आहे' अशा अर्थाच्या घोषणेवर तुमची सही घेतलेली असेल, तर बँक उद्या म्हणेल की आम्ही सल्ला दिलाच नव्हता. त्या वेळी अधिकाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश कामी येतात, म्हणून ते आजच जपून ठेवावेत. योजनेच्या माहितीपत्रकावरचा जोखीममापकही पाहावा. त्याच्या सहा पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या 'अतिशय उच्च' पातळीची योजना निवृत्त ठेवीदाराला विकली असेल, तर त्याचे समर्थन बँकेला करावे लागेल.

बँक सार्वजनिक क्षेत्रातली असेल तर कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. खासगी बँकेला हा कायदा थेट लागू होत नाही.

तक्रारीचे पत्र

पत्र एक-दीड पानाचे असावे. त्यात संताप नसावा, 'घोर फसवणूक', 'गुन्हेगारी कट' असे शब्द नसावेत. वाचणारा अधिकारी अशा शब्दांवरून पत्र बाजूला ठेवायला मोकळा होतो. आत्याच्या पत्रातला मुख्य परिच्छेद असा होता :

'दिनांक … रोजी माझी तीन लाख रुपयांची मुदत ठेव संपली. त्या दिवशी आपल्या शाखेतील अधिकाऱ्यांनी मला सदर योजना मुदत ठेवीसारखी असून पैसे एकदाच भरायचे आहेत असे सांगितले. माझे वय ६३ असून निवृत्तिवेतन दरमहा ३१,००० रुपये आहे व ते आपल्याच शाखेत जमा होते. प्रस्ताव अर्जात मात्र माझा व्यवसाय "व्यापार" व वार्षिक उत्पन्न १२ लाख रुपये दाखवले आहे. ही माहिती मी दिलेली नाही. माझ्या वार्षिक उत्पन्नापैकी सुमारे ८० टक्के रक्कम सात वर्षे हप्त्यात जाईल अशी पॉलिसी माझ्यासाठी कोणत्या आधारावर योग्य ठरवली गेली, याची नोंद मला द्यावी.'

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याचे उत्तर देताना बँकेला एक तर नोंद दाखवावी लागते, नाही तर ती नाही हे मान्य करावे लागते. त्यानंतर मागणी आकड्यांत लिहावी : पॉलिसी प्रारंभापासून रद्द करून पूर्ण हप्ता परत, त्यावर त्या दिवशी बँकेचा जो मुदत ठेवीचा दर होता त्या दराने व्याज, आणि झालेला खर्च. दर सात टक्के असेल तर तीन लाखांवर वर्षाचे एकवीस हजार होतात, इतके साधे गणित पत्रातच करून द्यावे. 'शेअरमध्ये घातले असते तर दुप्पट झाले असते' असली मागणी करू नये; योग्य सल्ला मिळाला असता तर पैसे जिथे राहिले असते, तेवढेच मागणे ग्राह्य धरले जाते.

पत्र मराठीत लिहायला संकोच करू नये. ज्याला इंग्रजी अर्ज समजला नाही त्याने इंग्रजीत तक्रार लिहिली, तर त्याच्याच म्हणण्याला बाध येतो.

बँकेचे तीस दिवस

पत्र शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्यावी आणि तेच बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकून तक्रार क्रमांक मिळवावा. विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवावे, कारण पॉलिसी रद्द करणे कंपनीच्या हाती असते. मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल असतो आणि तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळण्यापूर्वी ती त्याच्यापुढे जावी लागते. फेटाळल्याचे उत्तर आले तर ते अंतर्गत लोकपालाने पाहिले होते का, हे त्याच उत्तरावर लिहून विचारावे.

या काळात शाखेतून फोन येतात. 'मॅडम, तक्रार मागे घ्या, आम्ही बघतो', 'त्या मुलाची नोकरी जाईल' असे ऐकवले जाते. माणसे विरघळतात, कारण शाखेतले लोक रोजच्या ओळखीचे असतात. त्या कर्मचाऱ्यावर मार्चअखेरच्या टार्गेटचे दडपण असते हे मला ठाऊक आहे आणि त्याच्याबद्दल मला राग नाही. परंतु जे काही देऊ करायचे असेल ते लेखी द्यावे, एवढेच उत्तर ठेवावे.

पुढचा दरवाजा कोणता

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर काय विकले गेले यावर पुढचा मार्ग ठरतो.

विमा असल्यास विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात, शुल्क नाही आणि वकील चालत नाही. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. त्याआधी विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली तर कंपनीकडून उत्तर लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

म्युच्युअल फंड किंवा रोखे असल्यास सेबीचे स्कोअर्स हे तक्रार पोर्टल. एप्रिल २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती सुरू आहे. संबंधित संस्थेला एकवीस दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर पंधरा दिवसांत फेरविचार मागता येतो. घटनेपासून एक वर्षाची मर्यादा इथेही आहे.

बँकेच्या स्वतःच्या वागण्याबद्दल, म्हणजे खोटी माहिती भरणे, ठेव न विचारता मोडणे, कर्जासोबत पॉलिसी गळ्यात मारणे अशा गोष्टींसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक योजनेनुसार तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर किंवा चंदीगडच्या केंद्रीय कार्यालयाकडे टपालाने करता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठीतून माहिती मिळते. २०२१ च्या त्या योजनेनुसार बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागत होते. त्या योजनेत परिणामी नुकसानीसाठी वीस लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ व खर्चासाठी एक लाखापर्यंत भरपाईची मर्यादा होती. अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेली योजना पोर्टलवर वाचून घ्यावी. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, पण घरातल्या माणसाला अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी करता येते. परदेशात राहणाऱ्या मुलांना आईवडिलांसाठी हे तिकडे बसून करता येते.

पतसंस्थेच्या बाबतीत यातले काहीच लागू होत नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली असतात आणि तिथली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे किंवा सहायक निबंधकाकडे जाते. दारावर 'बँकेसारखी सेवा' लिहिलेले असले तरी पाटी नीट वाचावी.

आत्याच्या प्रकरणात कंपनीने दोनदा कळवले की 'सही तुमची आहे आणि फ्री-लूक काळ संपला आहे.' विमा लोकपालाकडे अर्ज करताना आम्ही फक्त तीन कागद वर ठेवले : अर्जाचे उत्पन्नाचे पान, त्याच महिन्याच्या पासबुकाचे पान, आणि प्रतिज्ञापनाखालची अधिकाऱ्याची सही. सुनावणीआधीच कंपनीने पॉलिसी प्रारंभापासून रद्द करून तीन लाख परत करण्याची तयारी दाखवली. व्याज मिळाले नाही. पहिल्या पत्रापासून नऊ महिने गेले होते. आत्याने ते मान्य केले आणि मलाही ते योग्य वाटले.

ग्राहक आयोग

लोकपालाकडे न्याय मिळाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो, त्यामुळे मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या नावाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र मुदत दोन वर्षांची आहे आणि लोकपालाच्या उत्तराची वाट पाहताना ती संपू देऊ नये. प्रकरण आधी आयोगात नेले तर तोच वाद लोकपालाकडे चालत नाही, म्हणून क्रम पाळावा.

पैसे परत मिळवून देणारे फोन

तक्रार केल्यानंतर, काही वेळा त्याआधीही, 'आम्ही विमा नियामकाकडून बोलतो, तुमची पॉलिसी रद्द करून बोनससह रक्कम देतो, त्यासाठी आधी अमुक भरा' असे फोन येतात. बोलणाऱ्याला पॉलिसी क्रमांक ठाऊक असतो, म्हणून विश्वास बसतो. नियामक किंवा लोकपाल कधीही पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही आणि नवी पॉलिसी घ्यायला सांगत नाही. असा फोन आला तर क्रमांक लिहून घ्यावा, फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० वर कळवावे.